कृषी महाविद्यालयाचे दप्तर कसे भरावे?

खरिपाच्या पेरण्या आटोपून कोळपणी-खुरपणीची घाई चालू असते, नेमक्या त्याच सुमारास बऱ्याच शेतकरी घरांत आणखी एक धावपळ सुरू होते. बारावी झालेल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव कृषी महाविद्यालयाच्या प्रवेश यादीत लागते. घरात पेढे येतात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी खरा प्रश्न निघतो. आता याला बरोबर काय काय घेऊन द्यायचे?

प्रश्न वरवर लहान आहे, पण वेळ अडचणीची असते. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. सोयाबीन, कापूस घरात यायला अवकाश असतो. प्रवेशाची फी भरताना उसनवारी झालेली असते. अशा वेळी बाप मुलाला घेऊन तालुक्याच्या दुकानात जातो आणि कॉलेजात काय लागते हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून दुकानदार काढून देईल ते सारे घेऊन येतो. ज्या घरातून पहिलाच मुलगा पदवीला निघाला आहे, त्या घरात तर हमखास असे घडते.

महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८ साली, अकोल्याला १९६९ साली आणि परभणी व दापोली येथे १९७२ साली कृषी विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्या अखत्यारीतील महाविद्यालये आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. चौथ्या वर्षी गावात येऊन शेतकऱ्यांच्या बांधावर राहणारे कृषिदूत आणि कृषिकन्या आपण पाहिल्याच असतील. त्यांच्या पाठीवर जी सॅक असते तिच्यात काय असावे, काय नसावे, याविषयी चार गोष्टी आज सांगतो.

आधी वेळापत्रक, मग खरेदी

माती परीक्षण न करता खत टाकू नका, असे आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. जमिनीत काय कमी आहे ते कळल्याशिवाय पोती ओतली तर पैसा जातो आणि पीकही सुधारत नाही. दप्तराचेही तसेच आहे. कॉलेज सुरू होऊन वेळापत्रक हाती येईपर्यंत कोणत्या विषयाला किती वह्या लागणार, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक विषयाचे शिक्षक पहिल्या-दुसऱ्या तासाला सांगतात की प्रात्यक्षिकाचे जर्नल कोणते घ्यायचे, एप्रन कसा हवा, चित्रांची फाईल लागेल की नाही. काही ठिकाणी प्रात्यक्षिकाची पुस्तिका विभागच छापून देतो. आधीच विकत घेतलेले जर्नल मग तसेच पडून राहते.

आमच्या तालुक्यातील दोन घरे मला जवळून माहीत आहेत. पहिल्या घरात वडिलांनी हातउसने पैसे काढून मुलाला भारी कंपनीची सॅक, डझनभर जाड वह्या, चार जाडजूड पुस्तके आणि दुकानदाराने 'कॉलेजचा पूर्ण संच' म्हणून बांधून दिलेले सामान घेतले. गणपतीच्या सुमारास खानावळीचे आगाऊ पैसे भरायची वेळ आली तेव्हा हात रिकामा होता. पैशाच्या जुळवाजुळवीसाठी मुलगा आठ-दहा दिवस गावी येऊन राहिला. तेवढ्यात तीन विषयांची प्रात्यक्षिके बुडाली. बुडालेले प्रात्यक्षिक जर्नलात उतरवून काढता येते, पण हाताने केलेले नसते. परीक्षेपूर्वी त्या जर्नलांवर शिक्षकांच्या सह्या मिळवताना त्याला फार त्रास झाला. सॅक मात्र अजून नवी दिसते.

दुसऱ्या घरात वडील नाहीत. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते आणि स्वतःचे दीड एकर बघते. तिने मुलीची बारावीचीच सॅक घरी धुतली, उसवलेला पट्टा चांभाराकडून जाड दोऱ्याने शिवून घेतला आणि शंभर पानी तीन वह्या, दोन पेन व एक पेन्सिल देऊन तिला रवाना केले. बाकीचे पैसे मुलीच्या बँक खात्यात ठेवले. पुढे जसजसे शिक्षकांनी सांगितले तसतसे मुलीने घेतले. एप्रन आणि दोन पुस्तके तर वरच्या वर्गातील मुलीकडून कमी किमतीत मिळाली. तिची एकही प्रात्यक्षिक तासिका साहित्याअभावी चुकली नाही.

दोन्ही मुले हुशार आहेत. फरक पडला तो खरेदीच्या क्रमाने. म्हणून पहिल्या आठवड्यासाठी दोन-तीन वह्या, पेन, पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर एवढेच द्यावे. उरलेली रक्कम हाताशी राहू द्यावी.

सॅक कशी असावी?

मी शिकत होतो तेव्हा लोखंडी ट्रंक खोलीत आणि खांद्याला शबनम पिशवी, एवढाच थाट असे. पिशवी एकाच खांद्यावर लटके आणि सारे वजन एका बाजूला येई. आजची दोन पट्ट्यांची सॅक त्या मानाने फार सोयीची आहे, पण ती नीट पारखून घ्यावी.

बैलाच्या मानेवर जू ठेवताना आपण काय पाहतो? जू मानेला घासू नये, दोन्ही बैलांवर भार सारखा यावा. सॅकचेही तेच पाहावे. पट्टे रुंद व आतून मऊ असावेत, अरुंद पट्टे खांद्यात रुततात. पाठीच्या बाजूला गादी असावी. पट्टे एवढेच सैल ठेवावेत की सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही. पट्टे जिथे शिवलेले असतात तिथे उलटी-सुलटी शिवण आहे का ते बोटाने चाचपून बघावे, कारण सॅक फाटते ती तिथेच. चेन तीन-चार वेळा उघडझाक करून पाहावी. रंग आणि चित्र यांना शेवटचा नंबर द्यावा.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला लागून उभ्या ठेवाव्यात, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. जड डबा बाहेरच्या कप्प्यात टाकला की सॅक मागे ओढते आणि चालणारा पुढे वाकतो. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावेत.

पावसाळ्यासाठी आत एक जाड, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी ठेवून वह्या तिच्यात घालाव्यात. त्यासाठी घरात पडलेली बियाण्याची किंवा औषधाची पिशवी वापरू नये. बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेले असते, ते पिशवीला लागून राहते आणि तिथून वहीला, हाताला व डब्याला लागते. खताच्या गोणीतले प्लास्टिकही या कामी नको.

ओझे काट्यावर ठेवा

शेतमाल विकताना आपण काटा नीट बघतो. मुलाच्या पाठीवरचे ओझे मात्र कोणी तोलत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणे पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नसावे. अकरावी-बारावीसाठी साडेतीन ते पाच किलो ही मर्यादा सांगितली आहे. कॉलेजच्या मुलांसाठी असा नियम नाही, पण हाच ठोकताळा त्यांनाही उपयोगी पडतो.

आता हिशेब करू. रोज एस.टी.ने ये-जा करणारी, ४५ किलो वजनाची एक मुलगी धरा. तिची सॅक ८०० ग्रॅमची. मोठ्या आकाराची दोनशे पानी वही अंदाजे ४०० ग्रॅम भरते, अशा पाच वह्यांचे दोन किलो. एक जाड पुस्तक दीड किलो. दोन जर्नले ६०० ग्रॅम. एप्रन ३०० ग्रॅम. लिटरभर पाणी बाटलीसह ११०० ग्रॅम. जेवणाचा डबा ७०० ग्रॅम. छत्री ४०० ग्रॅम. पेन, पट्टी, कॅल्क्युलेटर मिळून २०० ग्रॅम. बेरीज झाली सात किलो सहाशे ग्रॅम. तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याने साडेचार किलो पुरे होते.

तीच सॅक वेळापत्रक पाहून भरली तर? त्या दिवशीच्या विषयांपुरत्या शंभर पानी दोन वह्या ४०० ग्रॅम, एक जर्नल ३०० ग्रॅम, अर्ध्या लिटरची बाटली ५५० ग्रॅम, जी कॉलेजात पुन्हा भरून घेता येते. जाड पुस्तक ग्रंथालयातच वाचावे. डबा, छत्री, एप्रन आणि बाकी किरकोळ सामान तेवढेच. आता बेरीज साडेतीन किलोच्या थोडी वर जाते. मुलीला काहीही कमी पडले नाही आणि पाठीवरचे चार किलो उतरले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे दोनशे पानी जाड वहीऐवजी शंभर पानी वह्या घ्याव्यात. पदवीचा अभ्यास सहा-सहा महिन्यांच्या सत्रांत विभागलेला असतो, त्यामुळे जाड वही बहुतेक वेळा अर्धी कोरी राहते. दुसरी म्हणजे सॅक रोज रात्री रिकामी करून दुसऱ्या दिवसाच्या तासांप्रमाणे पुन्हा भरावी. कापणीला जाताना आपण विळा घेतो, कुळव खांद्यावर टाकून निघत नाही. घरात धान्य तोलायचा लटकता काटा असेल तर पहिल्या आठवड्यात एकदा सॅक त्याला अडकवून बघाच.

वर्ग, प्रयोगशाळा आणि शेत

कृषी महाविद्यालयाची गंमत अशी की एकाच दिवशी मुलगा सकाळी शेतात, दुपारी प्रयोगशाळेत आणि मध्ये वर्गात असतो. तिन्ही ठिकाणचे सामान वेगळे असते. ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो.

वर्गासाठी फारसे काही लागत नाही. वही, दोन साधी बॉलपेने, एक पेन्सिल. शाईचे किंवा जेलचे पेन दिसायला छान, पण पावसात वही भिजली की अक्षर फुटते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर साधा घ्यावा. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे खरे, पण परीक्षेच्या खोलीत मोबाईल नेता येत नाही आणि संख्याशास्त्राची गणिते तिथेच सोडवायची असतात.

प्रयोगशाळेसाठी पूर्ण बाह्यांचा सुती एप्रन घ्यावा. नायलॉनसारखे कापड आचेजवळ वितळून अंगाला चिकटते, म्हणून ते टाळावे. तास संपला की एप्रन स्वतंत्र कापडी पिशवीत घालावा. त्यावर आम्लाचे थेंब, रसायने उडालेली असतात. तो डब्यावर कोंबू नये आणि घरच्या कपड्यांत धुऊ नये. विच्छेदनाची पेटी, रंगपेटी असल्या वस्तू दोघा मित्रांत मिळून एक घेतली तरी भागते.

शेतातील तासासाठी पुठ्ठ्याच्या टणक बांधणीची छोटी वही आणि पेन्सिल हवी. पेन्सिलीचे अक्षर ओलाव्याने पुसत नाही. मातीचा नमुना घेतल्यावर पिशवीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनेच लिहावी, असे आम्ही शेतकऱ्यांनाही सांगतो ते याच कारणाने. दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग खिशात असावे. पानाच्या मागचे फुलकिडे आणि कोळी त्याशिवाय नीट ओळखता येत नाहीत. टोपी किंवा रुमाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट हवेतच. पावसाळ्यात गवतातून चपला घालून फिरणे म्हणजे विंचू-सापाला निमंत्रण.

किडींचा आणि तणांचा संग्रह करणे हा अभ्यासाचाच भाग असतो. कीटकांची पेटी खोलीवरच ठेवावी. त्यात डांबराच्या गोळ्या असतात आणि पेटी हलली की वाळलेल्या कीटकांचे पाय, मिशा मोडतात. सॅकमध्ये फक्त झाकणाची एक-दोन छोट्या बाटल्या असाव्यात. कीटक मारायच्या रसायनाची बाटली मात्र प्रयोगशाळेबाहेर आणूच नये. वनस्पती दाबून वाळवण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे लागतात. सुरुवातीचे काही दिवस रोज कागद बदलावा लागतो, नाहीतर पान काळे पडून बुरशी येते. तेव्हा घरची रद्दी विकण्याआधी एक गठ्ठा मुलाला द्यावा. हे सामान फुकटात मिळते.

फवारणी झालेल्या प्लॉटमधून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे आईने निघताना बजावून सांगावे.

खिशातली छोटी वही

आता सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूकडे वळतो. तिचे वजन शंभर ग्रॅमही नसते आणि किंमतही किरकोळ असते.

कृषी पदवीचे शिक्षण इंग्रजीतून चालते. आपल्या मुलाचे शिक्षण बहुधा मराठीतून झालेले असते. पहिल्या महिन्यात तो वर्गात बसतो आणि त्याला वाटते की येथे जे चालले आहे ते आपल्याला काहीच येत नाही. खरे पाहता त्यातले बरेच त्याला शहरातील मुलांपेक्षा जास्त येत असते. ज्याला आपण हरळी म्हणतो ते वर्गात 'सायनोडॉन डॅक्टिलॉन' होते. लव्हाळा 'सायपेरस रोटंडस' होतो, गाजर गवत 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' होते. मावा म्हणजे एफिड, तुडतुडे म्हणजे जॅसिड, फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. विरळणीला थिनिंग म्हणतात आणि नांगे भरण्याला गॅप फिलिंग. लहानपणापासून ज्याने आईबरोबर लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या, वरवर खुरपले तर तो आठ दिवसांत पुन्हा का उगवतो हे ज्याला हाताने माहीत आहे, तोच मुलगा परके नाव ऐकून खाली मान घालतो. काही मुले याच न्यूनगंडाने पहिल्या वर्षी विषय सोडून देतात, काही परत गावाकडे येतात.

यावर उपाय साधा आहे. खिशात मावेल अशी एक वही ठेवावी. प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द, तिसऱ्यात शास्त्रीय नाव किंवा एका ओळीत अर्थ. वर्गात नवा शब्द ऐकला की आधी इंग्रजी लिहून ठेवावा. घरचा शब्द आठवला नाही तर सुट्टीत गावी आल्यावर आजीला, आजोबांना विचारावे. रोज पाच शब्द लिहिले तरी दिवाळीपर्यंत तीन-चारशे शब्दांचा संग्रह होतो.

काही शब्दांना इंग्रजीत नेमका जोड सापडत नाही. 'वाफसा' हा तसा शब्द आहे. पाऊस उघडल्यावर माती हातात धरली तर चिखल होत नाही आणि धूळही उडत नाही, औत घालायला जमीन तयार झालेली असते, ही सारी स्थिती आपण एका शब्दात सांगतो. अशा ठिकाणी मुलाने आपल्या भाषेत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. पुढे तो अधिकारी झाला, कृषी सेवा केंद्र चालवू लागला किंवा स्वतःची शेती करू लागला, तरी शेतकऱ्याशी बोलताना त्याला हाच शब्द लागणार आहे.

याच्या जोडीला राहुरी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी', अकोल्याची 'कृषी संवादिनी' किंवा परभणीची 'कृषी दैनंदिनी' घरात असेल तर तिचा मागच्या वर्षाचा अंक मुलाच्या खोलीवर द्यावा. त्यात पिकांची माहिती मराठीत असते. इंग्रजी पुस्तकातील धडा वाचण्यापूर्वी तेच पीक मराठीत वाचले तर धडा अर्धा सोपा होतो.

मूळ कागद सॅकमध्ये नकोत

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जातीचा व जात पडताळणीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सातबारा, आधार आणि बँक पासबुक यांची एक जाड फाईल करावी. मूळ कागद प्रवेशाच्या दिवशी न्यावेत, काम झाले की त्याच दिवशी घरी आणून पेटीत ठेवावेत. रोजच्या सॅकमध्ये फार तर ओळखपत्र, एस.टी.चा सवलतीचा पास, ग्रंथालयाचे कार्ड आणि दोन छायाचित्रे असावीत. गर्दीच्या एस.टी.त सॅक हरवली तर वही पुन्हा मिळेल, पण दाखल्यांसाठी किती खेटे घालावे लागतात ते आपण जाणताच. २०१५ पासून सरकारची डिजिलॉकर सोय आहे, तिच्यात मिळतील ती प्रमाणपत्रे मोबाईलवर ठेवावीत. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दाखल्यांच्या प्रत्येकी तीन छायाप्रती वेगळ्या काढून ठेवाव्यात. फी भरल्याची एकही पावती टाकू नये.

मुलींच्या मातांसाठी

शेतातील तास दोन-दोन तास चालतात आणि प्लॉटवर सगळीकडे स्वच्छतागृहाची सोय असेलच असे नाही. तेव्हा छोट्या कापडी पिशवीत पॅड, कागदात गुंडाळलेली एक जादा जोडी अंतर्वस्त्रे आणि साबणाची चकती सॅकच्या आतल्या कप्प्यात कायम असू द्यावी. लाजेने मुलगी हे मागणार नाही, आईनेच द्यावे. मुली वाटेत अडचण नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. ते फार वाईट, त्यातून मूत्रमार्गाचे दुखणे जडते. बाटली संध्याकाळी रिकामी आली का, हे घरी आल्यावर विचारत जावे.

घरच्यांनी काय करावे?

वेळापत्रक मिळाले की त्याची एक प्रत मुलाने घरी आणावी आणि ती भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लावावी. मग कोणत्या दिवशी शेतातला तास आहे, कोणत्या दिवशी डबा लवकर लागेल हे आई-वडिलांनाही कळते. कोळपणीच्या घाईत "आजचा दिवस राहा, उद्या जा" असे म्हणण्याआधी एकदा त्या कागदाकडे बघता येते. वर्गातील तास बुडाला तर मित्राच्या वहीतून उतरवता येईल. प्रात्यक्षिकाचा तास मात्र सहसा पुन्हा होत नाही.

सत्र संपले की जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून शिवावीत, त्यांची कच्ची वही होते. एप्रन, पुस्तके गावातल्या पुढच्या मुलासाठी राखून ठेवावीत. गावातून दरवर्षी दोन-चार मुले कृषी महाविद्यालयात जात असतील तर ग्रामपंचायतीच्या वाचनालयात अशा पुस्तकांचे एक कपाट करायला हरकत नाही. पुढच्या श्रावणात एखाद्या घरी पेढे येतील तेव्हा त्या घराला दुकानात जाण्याआधी त्या कपाटाकडे जाता येईल.